कामागणिक दाम आणि न मोजलेले काम

शहाद्याहून धडगावकडे निघाले की सातपुड्याचा चढ लागण्याआधी म्हसावद येते. या पट्ट्यात शेतमजुरीचे दोन हिशेब शेजारी शेजारी चालत आले आहेत. सालदाराची रक्कम वर्षाची ठरते, बहुधा आखाजीच्या सुमारास, आणि मग पीक कसेही येवो, रक्कम तीच. कापूस वेचणी मात्र किलोवर. दिवस मावळताना गाठोडे काट्याला लागले की जेवढे वजन तेवढी मजुरी. हात भराभर चालतात खरे, पण कापसात पाचोळा आणि कवडी आली की शेतकरी कुरकुरतो. काट्याला वजन कळते, स्वच्छता कळत नाही.

सालदारीचे दुखणे वेगळे. रक्कम ठरलेली असे, पण ती ठरवताना सालदाराला कोणी विचारत नसे. 1972 मध्ये शहादा परिसरात उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेने तो प्रश्न चव्हाट्यावर आणला.

माणसाला कामाला जुंपायचे कशाने, ठरलेल्या पगाराने की कामागणिक दामाने, हा प्रश्न कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांना पडतो तसा सरकारलाही पडतो. सरकारने त्याचे एक उत्तर 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून दिले. गावातलीच एक बाई, साधारण हजार लोकसंख्येमागे एक आणि आदिवासी भागात पाड्यागणिक, निवडायची. तिला नाव दिले आशा. तिला पगार नाही. ती स्वयंसेविका, म्हणून तिला फक्त मोबदला आणि तोही केलेल्या कामाचा.

ग्रामीण भागात जननी सुरक्षा योजनेखाली एका बाळंतपणामागे आशाला 600 रुपये मिळतात. त्यातले 300 गरोदरपणातल्या तपासण्या करून घेतल्याचे आणि 300 बाईला दवाखान्यात पोहोचवल्याचे. नवजात बाळाच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा ते सात भेटी दिल्या की 250 रुपये. 2011 च्या मूळ अटी पाहण्यासारख्या आहेत. बाळाचे वजन नोंदवलेले हवे, जन्माची नोंद हवी, लसी दिलेल्या हव्यात, आणि बेचाळिसाव्या दिवशी आई आणि बाळ दोघेही सुखरूप हवेत. म्हणजे सगळ्या भेटी देऊनही बाळ दगावले, तर दुःखही तिचे आणि नुकसानही तिचे.

आता ही दरपत्रिका घेऊन डोंगरात चढा. धडगाव-अक्कलकुव्याच्या काही पाड्यांवरून आजही बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते. सपाटीवरच्या गावात भरवस्तीत राहणाऱ्या आशाचा आणि विखुरलेल्या पाड्यांवर फिरणाऱ्या आशाचा दर एकच. दिवाळीनंतर घरेच्या घरे गुजरातेत ऊसतोडीला जातात. सात महिने जिची काळजी घेतली ती बाई तिकडेच बाळंत झाली, तर दवाखान्याचे 300 गेले. यात आशाने कुठे कामचुकारपणा केला?

अर्थशास्त्रज्ञांनी हा पेच बराच आधी मांडला होता. बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रॉम यांनी 1991 मध्ये दाखवले की एका माणसाकडे अनेक कामे असतील आणि पैसे फक्त मोजता येणाऱ्या कामाचे मिळत असतील, तर उरलेली कामे मागे पडतात. होल्मस्ट्रॉम यांना पुढे 2016 चे नोबेल ऑलिव्हर हार्ट यांच्यासह मिळाले. सासूची समजूत काढणे, पहिलटकरणीची भीती घालवणे, रात्री गाडीसाठी फोन फिरवत बसणे याला रकाना नाही. तरी आशा हे करतात, कारण उद्या त्याच घरासमोरून जायचे असते. दरपत्रिका बनवणाऱ्यांच्या पथ्यावर हे पडले, एवढेच.

याचा अर्थ पैशाची ओढ खोटी, असे मुळीच नाही. उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर या संस्थेच्या एकशिक्षकी शाळांत शिक्षकांचा पगार हजेरीशी जोडला गेला. पुरावा म्हणून कॅमेऱ्याने रोज दोन फोटो. महिन्याला वीस दिवस भरले तर हजार रुपये, त्यापुढे दिवसाला 50 जादा, कमी भरले तर 50 वजा, पण 500 च्या खाली कधीच नाही. एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात गैरहजेरी 42 टक्क्यांवरून 21 वर आलेली दिसली आणि मुलांचे गुणही वाढले. त्याच जिल्ह्यात सरकारी परिचारिकांवर हाच उपाय केला, तेव्हा आरंभी हजेरी वाढली, पण वर्ष-दीड वर्षात ‘सूट दिलेले दिवस’ एवढे वाढले की फरक पुसला गेला. साहेबच सूट देत असेल तर यंत्र काय करणार!

देखरेखीची दुसरी तऱ्हा गडचिरोलीत दिसली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. दर पंधरवड्याला डॉक्टर गावात येऊन नोंदी तपासत, चुका जागेवर दुरुस्त करत. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. आशांच्या त्या 250 रुपयांच्या घरभेटींचे मूळ इथे आहे. देशभर भेटी आणि अर्ज सहज पोहोचले. शिकवणारा माणूस पंधरवड्याला येणे मात्र तितके सोपे नव्हते.

सरकारचे धोरण हळूहळू कामागणिक दामाकडून ठरलेल्या रकमेकडे सरकते आहे, आणि ते योग्यच आहे. नेहमीच्या कामांसाठी केंद्राचे महिन्याचे हजार रुपये 2018 मध्ये दोन हजार झाले, 2025 मध्ये साडेतीन हजार. महाराष्ट्रात आशांनी संप केले, आझाद मैदानात ठिय्या दिला, तेव्हा मार्च 2024 मध्ये राज्याने दरमहा 5 हजारांची वाढ मंजूर केली, नोव्हेंबर 2023 पासून लागू. तरीही रक्कम वेळेवर पडत नाही ही तक्रार जुनीच आहे. कामाचे बक्षीस तीन महिन्यांनी हाती पडले तर ते कुठल्या कामाचे, हेही आठवत नाही. नवे दर काढण्याआधी महिन्याची तारीख पाळली तरी पुष्कळ होईल.

आणि कागदोपत्री आशा अजून स्वयंसेविकाच आहे. दहा वर्षे राबून बाहेर पडणाऱ्या आशाला केंद्राकडून मिळणारी एकरकमी रक्कम 2025 मध्ये 20 हजारांवरून 50 हजार झाली. पेन्शन नाही.