रानपिंगळ्याची साद आणि मोजणीची शिस्त

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या रांगांत पसरलेल्या मेळघाटच्या सागवनात रानपिंगळा हा दुर्मिळ पक्षी वास्तव्य करतो. १८८४ नंतर त्याचा विश्वसनीय मागमूस नव्हता. १९१४ चा म्हणून दाखविला गेलेला नमुनाही बनावट ठरला. १९९७ मध्ये पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला आणि पुढील पाहण्यांत मेळघाटातही आढळला.

अशा पक्ष्याचा शोध घेताना ध्वनिमुद्रित साद ऐकवून प्रत्युत्तराची नोंद करतात. वर्तनाच्या अभ्यासातही हीच रीत उपयोगी पडते; मात्र तेथे प्रयोगाच्या आखणीस फार महत्त्व आहे. समजा, एकाच नराची साद वीस जोड्यांना ऐकविली आणि सोळांनी उत्तर दिले. जोड्या वीस असल्या तरी साद एकच होती. तेवढ्यावरून फार तर त्या एका ध्वनिमुद्रणाविषयी बोलता येईल. रानपिंगळ्याच्या सादेविषयी सर्वसाधारण विधान करावयाचे तर अनेक नरांच्या सादा हव्यात आणि तुलनेसाठी अन्य पक्ष्याचा आवाजही हवा. उलटपक्षी, आपल्या हद्दीचे रक्षण करणारा पक्षी आवाजामागे पुढील ठिकाणापर्यंत आला, तर एकच पक्षी दोनदा मोजला जातो. नोंदी दोन, पुरावा एकाचाच!

वऱ्हाडातील शेतकऱ्यास हे तत्त्व परके नाही. कपाशीच्या एका वाफ्यास खत दिले आणि त्यातील शंभर झाडे मोजली, तरी खताची चाचणी एकदाच झाली. त्या वाफ्याची जमीनच कदाचित कसदार असेल. म्हणूनच कृषिप्रयोगांत अनेक वाफे घेऊन कोणत्या वाफ्यास काय द्यावयाचे ते चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवितात. प्राणिशास्त्रज्ञांना मात्र याचा वारंवार विसर पडला. अमेरिकन शास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये परिसरशास्त्रातील १७६ प्रायोगिक अभ्यास तपासले. संख्याशास्त्रीय कसोट्या लावणाऱ्या अभ्यासांपैकी ४८ टक्क्यांत त्यांना ही चूक आढळली. पक्ष्यांना साद ऐकविण्याच्या प्रयोगांतील हाच दोष डोनाल्ड क्रूड्समा यांनी १९८९ मध्ये दाखवून दिला.

हा वाद केवळ विद्वानांचा नव्हे. अकोट-खांडवा रेल्वेमार्गाचे रुंदीकरण मेळघाटच्या वनातून करावे की वनाबाहेरून, असा प्रश्न उभा राहिला तेव्हा वन्यप्राण्यांविषयीच्या अशाच नोंदी पुढे आल्या. फुगलेल्या आकड्याने पक्षी विपुल असल्याचा भास होतो. आणि उत्तर न देणारा पक्षी तेथे नाहीच, असे मानणेही तितकेच घातक. दुर्मिळ पक्ष्याच्या स्वतंत्र जोड्या थोड्याच मिळणार. अशा वेळी प्रत्येक जोडीच्या सर्व नोंदींची सरासरी काढून एकच अंक धरावा व नमुना लहान असल्याचे अहवालात स्पष्ट नमूद करावे, हा रूढ उपाय आहे.