नाव तेच, तरी फाईल सापडेना: 'ऱ' हे अक्षर कॉम्प्युटरला कसं चकवतं?

जुन्या मॅकवर 'शेतकऱ्यांची यादी' नावाची फाईल तयार केली, झिप करून वेबसाईटच्या लिनक्स सर्व्हरवर टाकली. लिंकमध्येही तेच नाव टाईप केलं. तरी स्क्रीनवर येतं: ४०४, फाईल सापडली नाही. काना, मात्रा, वेलांट्या तपासल्या तरी चूक सापडत नाही. कारण ती डोळ्यांना दिसणारी नाहीच.

घोळ 'ऱ' मध्ये आहे. युनिकोड, म्हणजे जगभरातल्या लिप्यांमधल्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात 'ऱ' दोन प्रकारे लिहिता येतो. एक तर त्याचा स्वतंत्र क्रमांक आहे, २३५३. किंवा साधा 'र' (२३५२) घ्या आणि त्याला नुक्ता (२३६४) जोडा. दिसायला दोन्ही सारखेच, पण यूटीएफ-८ मध्ये साठवताना पहिल्याला ३ बाइट लागतात, दुसऱ्याला ६. युनिकोडच्या नियमानुसार हे दोन्ही एकच मानायला हवेत. त्यासाठी दोन्ही एका साच्यात आणणं म्हणजे नॉर्मलायझेशन. जोडलेल्या रूपाला एनएफसी म्हणतात, सुट्या रूपाला एनएफडी.

पण फाईल ठेवणाऱ्या यंत्रणा हा नियम आपापल्या मर्जीने पाळतात. ॲपलची १९९८ सालची एचएफएस प्लस फाईलचं नाव सुटं करूनच साठवायची. २०१७ मध्ये मॅकवर आलेली एपीएफएस नाव आहे तसं ठेवते, फक्त तुलना करताना दोन्ही रूपं एक धरते. विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सची ईएक्सटी४ सहसा या भानगडीत पडतच नाहीत. त्यामुळे तिथे एकाच फोल्डरमध्ये हुबेहूब एकाच नावाच्या दोन फाईली सुखाने नांदू शकतात!

कोरियन लोकांचे हाल तर आणखी वाईट. मॅकवरून आलेल्या फाईलचं नाव विंडोजवर अनेकदा सुट्या स्वर-व्यंजनांची रांग होऊन दिसतं. आपल्याकडे निदान वाचता तरी येतं.

मराठीत मात्र तिसरी गंमतही आहे. जुन्या पद्धतीने 'र', हलन्त आणि 'झीरो विड्थ जॉइनर' हे अदृश्य चिन्ह टाकूनही 'र्‍या' उमटतो. हे रूप नॉर्मलायझेशनच्या कक्षेतच येत नाही. 'ॲ' चंही तसंच: थेट 'ॲ' आणि 'अ' वर वेगळा चंद्र, ही युनिकोडच्या लेखी दोन वेगळी अक्षरं. म्हणजे सर्च बनवणाऱ्यांनी मराठीसाठी जास्तीची सोय करायलाच हवी.

तोवर काय करायचं? लिनक्सवर 'कॉन्व्हएमव्ही' हे टूल अशी नावं एकगठ्ठा बदलून देतं. गिटमध्ये मॅकसाठी 'प्रीकंपोजयुनिकोड' ही सेटिंग आहे. बाकीच्यांनी लिंक हाताने टाईप न करता कॉपी करावी. वेबसाईटवर टाकायच्या फाईलला इंग्रजी अक्षरांत नाव देण्याचा उपाय चालतो, पण मराठी यादीला मराठी नाव देता येऊ नये, हे काही पटणारं नाही.

आणि फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाईली दिसल्या, तर डुप्लिकेट समजून लगेच एक उडवू नका. आधी दोन्ही उघडा. एकीत जुनी यादी असेल, दुसरीत काल दुरुस्त केलेली.