वनातले स्वर आणि पडद्यावरचे बाण

आज चैत्र शुद्ध नवमी. माध्यान्ही पाळणा हलेल, फुले व गुलाल उधळला जाईल आणि सुंठवड्याचा प्रसाद घेऊन मंडळी घरोघर परततील. जन्मोत्सवाच्या या आनंदात रामकथेच्या उत्तरभागाचे स्मरण सहसा होत नाही. झाले तरी डोळ्यांपुढे उभी राहतात ती बहुधा पडद्यावरची चित्रे: पत्नीस घराबाहेर काढणारा परीट, अश्वमेधाचा अडविलेला घोडा आणि पित्याच्या सैन्यावर बाण सोडणारे कुश-लव.

ही चित्रे जनमानसात दृढ करणाऱ्या चित्रपटांत विजय भट्ट यांच्या 'रामराज्य'चे स्थान मोठे आहे. १९४३ साली हिंदी व मराठी या दोन्ही भाषांत तो निघाला. प्रेम अदीब राम झाले, शोभना समर्थ सीता झाल्या आणि संगीत शंकरराव व्यासांचे होते. १९४४ साली जुहू येथे मुक्कामी असताना गांधीजींनीही तो पाहिला. या चित्रपटाविषयी आम्हांस आदरच आहे. तथापि तो पाहून ज्यांना मूळ काव्य वाचल्याचे समाधान वाटते, त्यांनी उत्तरकांड एकवार उघडावे, अशी आमची विनंती आहे.

वाल्मीकींच्या काव्यात परीट नाही. लोक आपल्याविषयी काय बोलतात, असे राम सभेत विचारतात, तेव्हा भद्र भीतभीत सांगतो की, चौकांत, बाजारांत, रस्त्यांवर, वनांत व उपवनांत एकच चर्चा चालली आहे. रावणाने नेलेल्या सीतेस राजाने घरात घेतले. राजा करील तसे प्रजा करणार. आता आम्हांलाही आमच्या स्त्रियांचे असेच सोसावे लागेल, असे लोक म्हणतात. राम इतरांकडे पाहतात. तेही माना लववून सांगतात की, हे खरे आहे. म्हणजे सीतेवर दोषारोप करणारा कोणी एक मनुष्य नव्हता. सारी अयोध्या होती.

परीट आला तो उत्तरकालीन रामकथांतून व लोकपरंपरेतून. चित्रपटाने त्यास निर्माण केले नाही. पडद्यास एक चेहरा लागतो, जमावास चेहरा नसतो. म्हणून ती निवड समजण्याजोगी आहे. परंतु तिची किंमत लहान नाही. साऱ्या नगरीचे पाप एका कष्टकरी माणसाच्या माथी बसते आणि प्रेक्षक मात्र निर्दोष मनाने घरी जातो. वाल्मीकी आपणांस इतक्या सहज सोडीत नाहीत.

दुसरा भेद याहून गोड आहे. वाल्मीकींच्या काव्यात पितापुत्रांचे युद्ध नाही. लव आणि चंद्रकेतू यांचा संग्राम भवभूतीने 'उत्तररामचरिता'त रंगविला, तसेच पुढेही अनेकांनी केले. चित्रपट त्याच वाटेने गेला. मूळ काव्यात गोमतीतीरी, नैमिषारण्यात यज्ञ चालला असता वाल्मीकी दोघा मुलांस आज्ञा करतात की, ऋषींच्या निवासांपाशी, राजमार्गांवर, राजाच्या द्वारी रामायण गा. रोज वीस सर्ग गा. धन घेऊ नका. कोणी विचारले तर वाल्मीकींचे शिष्य म्हणून सांगा. राम ते गायन ऐकतात. जटा-वल्कले नसती तर ही मुले प्रत्यक्ष रामासारखीच दिसली असती, असे श्रोते आपसांत म्हणतात. राम अठरा सहस्र सुवर्णनाणी देऊ करतात. फळमुळांवर राहणारे बालक विचारतात, वनात आम्हांस सोन्याचा काय उपयोग? गाणे ऐकता ऐकताच पित्यास पुत्रांची ओळख पटते.

ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांनी १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' आरंभिले, ते कुश-लवांच्या याच गायनाच्या प्रसंगापासून. हातात टाळ-चिपळ्या घेऊन रामकथा सांगणारे आपले कीर्तनकारही त्या दोन बालकांचेच वारस नव्हेत काय?

मात्र एक गोष्ट त्या सुरांनाही साधली नाही. पुत्र ओळखले गेले तरी मातेस पुन्हा भरसभेत शुद्धीची शपथ घ्यावी लागली. तिने भूमातेस साद घातली. धरणी दुभंगली आणि सीता तिच्या पोटात गेली. येथे काव्य आणि चित्रपट एकत्र येतात. दोन्हींच्या अखेरीस सीता नाही. प्रश्न उरतो तो एवढाच, की तिला गमावले कोणी? चित्रपट परिटाकडे बोट दाखवितो. काव्य चौकाकडे, बाजाराकडे, तुमच्याआमच्या जिभेकडे दाखविते.

म्हणून आज पाळणा म्हणून झाल्यावर घरातील सर्वांनी एकत्र बसून उत्तरकांडातील ते सर्ग वाचावेत. आणि परक्या घरच्या लेकीसुनेविषयी एखादा शब्द ओठांवर आलाच, तर भद्राचे ते भीतभीत सांगितलेले वृत्त आठवून तो तेथेच थांबवावा. रामनवमीचे हेही एक व्रतच होय.