'ताई, बॉलकडे बघ ना!'

वय वर्षं २२. हातात मैत्रिणीकडून उसनी आणलेली रॅकेट. कोचनं हळूच टाकलेल्या पहिल्याच बॉलवर मी दणकून फटका मारला आणि बॉल मागची जाळी ओलांडून थेट पार्किंगमध्ये! शेजारच्या कोर्टवरची आठेक वर्षांची चिमुरडी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, ''ताई, बॉलकडे बघ ना! तू बघतच नाहीयेस.'' मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टेनिस शिकावं असं तुम्हालाही कधीतरी वाटलंच असेल. विम्बल्डन सुरू झालं की दरवर्षी वाटतं आणि दरवर्षी आपण गप्प बसतो. कारणं ठरलेली. 'आता वय गेलं', 'श्रीमंतांचा खेळ आहे' आणि मनातल्या मनात, 'लोक हसतील'. दोन महिने कोर्टवर घाम गाळल्यावर या तिन्हींबद्दल सांगते.

आधी वय. रोहन बोपण्णानं २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचं पुरुष दुहेरीचं विजेतेपद पटकावलं, तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. त्याआधी २०२२ मध्ये आपल्या बालेवाडीतही तो रामकुमार रामनाथनसोबत जिंकला होता. अर्थात, त्यानं रॅकेट लहानपणीच धरली होती. विशीत सुरुवात करून आपला बोपण्णा होणार नाही, हे मान्य करून टाका. पण रविवारी सकाळी मित्रासोबत एक सेट खेळण्याइतकं टेनिस नक्की येतं.

आता पैसे. हा खेळ स्वस्त नाही, खोटं कशाला बोलू? पण एकट्यानं कोच लावण्यापेक्षा ग्रुप बॅच परवडते. रॅकेट सेकंडहँड चालेल, फक्त हलकी, २६० ते २८० ग्रॅमच्या आसपासची बघा. शूजमध्ये मात्र काटकसर नको. रनिंग शूज सरळ पळण्यासाठी असतात, इथे सारखं आडवं पळावं लागतं आणि पाय मुरगळतो. आणि सगळ्यात भारी पार्टनर फुकट मिळतो, भिंत! वॉचमन काकांना विचारून भिंतीवर ३ फुटांवर खडूनं रेघ ओढा. नेट मधोमध तेवढंच उंच असतं.

पकड जमत नसेल तर रॅकेटच्या मुठीशी शेकहँड करा. फोरहँडसाठी सुरुवातीला ती पुरते. बॉल शरीराच्या थोडा पुढे असतानाच मारा आणि जोर घरी ठेवून या. शक्यतो तिरका मारा. नेट कडेला साडेतीन फूट, पण मध्यावर ३ फूट असतं. शिवाय कोर्ट सरळ मोजलं तर ७८ फूट लांब, तिरकं मोजलं तर सुमारे साडेब्याऐंशी. म्हणजे चुकायला जास्त जागा! कोचकडे हिरव्या ठिपक्याचे बॉल असतील तर तेच मागा. ते नेहमीच्या बॉलपेक्षा जरा हळू येतात.

उरलं हसणं. हो, लोक हसतात. मी एकदा सलग ६ डबल फॉल्ट केले, तेव्हा मलाही हसू आवरेना. क्रिकेटमध्ये कच्चा भिडू फाइन लेगला जाऊन लपतो. टेनिसमध्ये लपायला जागाच नाही, कारण दर दुसरा फटका तुमचाच असतो. म्हणूनच इथे लाज लवकर संपते. चुकलात, तरी पुढचा बॉल येतोच. ऑफिसच्या मीटिंगमध्ये 'मला हे कळलं नाही' असं हल्ली मी सरळ म्हणून टाकते. ही सवय कोर्टवरचीच.

मागच्या रविवारी त्याच चिमुरडीसोबत ११ फटक्यांची रॅली झाली. बारावा माझा, नेटमध्ये गेला. ती बॉल उचलत म्हणाली, ''आता बघतेस तू.''