हिमालयातल्या पुढच्या पुराचा धोका जुन्या नोंदींतून कळतो का?

यवतमाळजवळच्या लोहाऱ्यापासून केदारनाथ हजार किलोमीटरहून लांब आहे. तरी तिथला धोका विदर्भातल्या घरांपर्यंत पोहोचतो, कारण इथून लोक चारधामला जातात. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या वरचा चोराबारी तलाव फुटला आणि हजारो जणांचा जीव गेला. महाराष्ट्रातले अनेक यात्रेकरूही तेव्हा अडकले होते.

अशी आपत्ती आधी ओळखता येते का? त्यासाठी शास्त्रज्ञ जुनी कागदपत्रंही तपासतात.

तलाव का फुटतो?

हिमनदी वितळून मागे सरकते, तेव्हा तिने वाहून आणलेल्या दगडमातीचा बांध तिथेच राहतो. त्यामागे पाणी साचतं. अतिवृष्टी झाली किंवा कडा तलावात कोसळला, तर हा कच्चा बांध फुटू शकतो.

जुन्या नोंदी काय सांगतात?

जुने नकाशे, ब्रिटिशकालीन अहवाल, छायाचित्रं, वर्तमानपत्रं आणि गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी एकत्र ठेवल्या की तीन गोष्टी कळतात: पूर कोणत्या खोऱ्यात आला, पाणी कुठवर चढलं आणि किती वर्षांनी पुन्हा आलं. १९६० च्या दशकातल्या अमेरिकी हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रंही आता खुली आहेत. ती आजच्या छायाचित्रांशेजारी ठेवली की तलाव किती वाढला ते दिसतं.

गोहनाचा धडा

१८९३ मध्ये गढवालमध्ये दरड कोसळून बिरही गंगा अडली आणि गोहना तलाव तयार झाला. हा हिमनदीचा तलाव नव्हता, पण धोका तसाच होता. पाणी कधी भरून वाहील याचा हिशेब अभियंत्यांनी मांडला, हरिद्वारपर्यंत तारेची लाइन टाकली, नदीकाठची वस्ती हलवली. ऑगस्ट १८९४ मध्ये बांध फुटला. श्रीनगर गावाची धूळधाण झाली, पण मृत्यू फक्त ५ जणांचा झाला. तेही हलवल्यानंतर परत गेलेले होते. उरलेला तलाव १९७० मध्ये फुटला. म्हणजे एकदा फुटलेली जागा कायमची सुरक्षित होत नाही.

मग नोंदी पुरेशा आहेत का?

नाही. जिथे वस्ती नव्हती, तिथले पूर कुणी लिहूनच ठेवले नाहीत. नोंद नाही म्हणून धोका नाही, असं मानता येत नाही. शिवाय तापमान वाढल्याने पूर्वी नसलेले तलाव आता तयार होत आहेत.

आणि धोका कळला तरी पुढचं काम उरतंच. सिक्कीमचा दक्षिण ल्होनाक तलाव वाढतोय हे उपग्रह छायाचित्रांत दिसत होतं. शास्त्रज्ञांनी सावधही केलं होतं. तरी ऑक्टोबर २०२३ मध्ये तो फुटला आणि चुंगथांगचं धरण वाहून गेलं. गोहनाला इशारा गावापर्यंत पोहोचला आणि लोक वेळेत हलले, म्हणून माणसं वाचली.

यात्रेला जाणाऱ्यांनी मुक्कामाआधी एवढं नक्की विचारावं: मागच्या पुरात पाणी इथवर आलं होतं का?