पंचहौदातला चहा पाजणारे कोण होते?

पुण्याच्या इतिहासात १८९० चा एक चहा गाजलेला आहे. पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आणि बरीच प्रतिष्ठित मंडळी जमली, समोर चहा-बिस्किटं आली आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. तो चहा कुणी प्याला, हे पुष्कळांना सांगता येतं. पाजला कुणी, असं विचारलं तर उत्तर येतं, ‘मिशनऱ्यांनी’. आणखी खोदून विचारलं तर ‘कॅथलिक असतील, मठात राहायचे ना ते’.

तिथले पाद्री अविवाहित राहत, व्रतस्थ होते, एकत्र राहत, हे खरं आहे. पण ते पोपच्या आज्ञेतले नव्हते. ऑक्सफर्डजवळच्या काउलीत १८६६ साली स्थापन झालेल्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, व्रतस्थ संघाचे ते सभासद. तिथल्या भगिनी वाँटेज गावच्या अँग्लिकन संघातल्या. याच वाँटेजमध्ये १८८३ साली पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. इतका जवळचा संबंध असूनही या पंथाविषयी आपल्याला ठाऊक असतं ते बहुधा एवढंच :

‘राजाला घटस्फोट हवा होता, म्हणून त्याने नवा धर्म काढला.’

या वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते टिकून राहिलं. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याला पत्नी कॅथरीनपासून मुलगा हवा होता, पण एकही मुलगा जगला नाही. लग्न मुळातच अवैध होतं, असा निर्णय त्याने पोपकडे मागितला. आजच्या अर्थाचा घटस्फोट नव्हे. पोपची अडचण राजकीयही होती. कॅथरीनचा भाचा सम्राट पाचवा चार्ल्स, आणि १५२७ मध्ये त्याच्याच सैन्याने रोम लुटलं होतं. निर्णय मिळेना, तेव्हा १५३४ च्या कायद्याने इंग्लंडच्या चर्चवरची पोपची सत्ता संपवण्यात आली.

पण सत्ता बदलली म्हणून श्रद्धा बदलली नाही. ल्यूथरविरुद्ध ग्रंथ लिहिल्याबद्दल याच हेन्रीला १५२१ मध्ये पोपकडून ‘श्रद्धेचा रक्षक’ हा किताब मिळालेला होता. १५३९ च्या कायद्याने त्याने पाद्र्यांवरची विवाहबंदी कायम ठेवली. १५४० साली लंडनमध्ये एकाच दिवशी तीन सुधारणावाद्यांना जाळण्यात आलं आणि पोपच्या तीन समर्थकांना देहदंड दिला गेला. असा राजा एखाद्या पंथाचा संस्थापक म्हणून दाखवणं मला पटत नाही. शिवाय ते चर्च हेन्रीच्या जन्माआधी कितीतरी शतकं उभं होतं. पोप ग्रेगरीने पाठवलेले ऑगस्टीन ५९७ मध्ये केंटला पोचले आणि कँटरबरीचे पहिले आर्चबिशप झाले.

पंथाला खरं रूप दिलं ते एका पुस्तकाने. आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर यांनी १५४९ मध्ये सामान्य प्रार्थनेचं पुस्तक सिद्ध केलं. तोवर उपासना लॅटिनमध्ये चाले. मठांमध्ये दिवसभरात अनेक वेळा होणाऱ्या प्रार्थना क्रॅन्मर यांनी दोन वेळांत बसवल्या, सकाळची आणि संध्याकाळची, आणि त्या लोकांच्या भाषेत आणल्या. स्तोत्रसंहितेतली दीडशे स्तोत्रं दर महिन्याला पूर्ण व्हावीत, अशी वाटणी केली. संन्याशाचं नित्यकर्म शेतकऱ्याच्या आणि सुताराच्या ओठी यावं, ही कल्पना मला या सगळ्या इतिहासात सर्वांत सुंदर वाटते. मेरी राणीच्या काळात क्रॅन्मर यांच्यावर आपली मतं मागे घेण्याची वेळ आली. १५५६ मध्ये ऑक्सफर्डला त्यांना जाळलं जात असताना, त्या माघारपत्रावर सही करणारा उजवा हात त्यांनी आधी आगीत धरला.

‘कॅथलिक वजा पोप, एवढंच ना?’

नाही. आणि ‘प्रॉटेस्टंट’ म्हणून मोकळं होणंही पुरेसं नाही. प्रेषितांचा आणि नायसियाचा विश्वासांगीकार इथे म्हटला जातो. बिशप, पाळक, सेवक ही जुनी परंपरा चालते. पण पाळकांना लग्न करता येतं, बायबल हा श्रद्धेचा अंतिम निकष मानला जातो, आणि प्रभुभोजनात भाकर व द्राक्षारस दोन्ही सर्वांना मिळतात. काही चर्चमध्ये धूप, झगे, घंटा दिसतील, काहींत साधं मेज आणि लांब प्रवचन. नव्याने जाणाऱ्याला हे दोन वेगळे पंथ वाटतात. क्रम मात्र ओळखीचा असतो : पापकबुली, वाचनं, विश्वासांगीकार, शांतीचं अभिवादन, मग भाकर. इथली श्रद्धा समजून घ्यायची तर ते काय प्रार्थना करतात ते ऐकावं.

म्हणजे वाटेल ते मानलं तरी चालतं, असं नाही. रमाबाईंचा अनुभव पाहा. बाप्तिस्म्यानंतर त्रैक्याच्या सिद्धान्तावरून वाँटेजच्या भगिनींशी त्यांचा पत्रांतून कडाक्याचा वाद झाला. त्या भगिनींना हा सिद्धान्त ऐच्छिक वाटत नव्हता, आणि रमाबाईंना तो केवळ कुणी सांगितला म्हणून स्वीकारायचा नव्हता.

‘इंग्लंडचा राजा प्रमुख, कँटरबरीचे आर्चबिशप म्हणजे त्यांचे पोप.’

१५५९ मध्ये पहिल्या एलिझाबेथने चर्चचं ‘मस्तक’ हे पद टाकून ‘सर्वोच्च प्रशासक’ हे घेतलं. ते पदही फक्त इंग्लंडच्या चर्चपुरतं आहे. उपदेश करणं, संस्कार देणं हे राजाचं काम नाही. कँटरबरीच्या आर्चबिशपांना जगभर मान आहे, पण दुसऱ्या देशाच्या चर्चला हुकूम देता येत नाही. १८६७ पासून भरणाऱ्या, अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेचे ठरावही बंधनकारक नसतात. त्यामुळे स्त्रियांच्या दीक्षेसारख्या प्रश्नावर वेगवेगळ्या देशांत वेगवेगळे निर्णय झाले. हाँगकाँगच्या बिशपांनी फ्लोरेन्स ली टिम-ओई यांना १९४४ मध्येच दीक्षा दिली. इंग्लंडमध्ये स्त्रिया पाळक झाल्या त्या १९९४ मध्ये. ही रचना भांडणं लांबवते हे खरं, तरी वरून आलेल्या हुकमापेक्षा मला ती जास्त प्रामाणिक वाटते.

‘साहेब गेला, त्याचा धर्मही गेला.’

नायजेरिया, युगांडा, केनिया इथल्या अँग्लिकन मंडळ्या आज प्रचंड मोठ्या आहेत. आपल्याकडे नाव बदललं म्हणून हा पंथ दिसत नाही, इतकंच. मुंबईचं सेंट थॉमस चर्च १७१८ च्या नाताळात सुरू झालं. किल्ल्याचा त्याच्याकडे जाणारा दरवाजा तो चर्चगेट. दक्षिणेत १९४७ मध्ये अँग्लिकन इतर मंडळ्यांबरोबर एक झाले. उत्तरेत २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. बिशपांना न मानणाऱ्यांनी बिशप स्वीकारले, आणि अँग्लिकनांनी स्वतःचं नाव सोडलं. पंचहौदाचं पवित्र नाम चर्च आज याच मंडळीचं आहे.