गोलरक्षकाचा गौरव

सचिनच्या औद्योगिक वसाहतीत पोटापाण्यासाठी आलेल्या खानदेशी कुटुंबांची बरीच मुले आमच्या शाळेत शिकतात. एका वर्षी आमच्या मुलांनी फुटबॉलचा आंतरशालेय सामना जिंकला. पारितोषिक समारंभात मी गोल करणाऱ्या दोघांची नावे मोठ्या अभिमानाने पुकारली; अखेरपर्यंत गोल अडविणाऱ्या मुलाचे नाव यादीत घालण्याचे मात्र माझ्याकडून राहून गेले. तो बिचारा इतरांसाठी टाळ्या वाजवीत उभा होता.

त्या रात्री मला गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर आठवले. तेही गोलरक्षकच. १९८३ मध्ये गोव्याने बंगालसह संतोष करंडकाचे संयुक्त विजेतेपद मिळविले. पुढच्या स्पर्धेत तर एकही गोल न स्वीकारता करंडक एकट्याने जिंकला. भारतीय संघाचे कर्णधारपदही त्यांनी भूषविले. परंतु अर्जुन पुरस्कारासाठी १९९७ साल उजाडावे लागले आणि पद्मश्री लाभली ती २०२२ मध्ये.

तरीही ते भाग्यवानच म्हणायचे. मुंबईच्या मैदानांवर नावारूपास आलेले, मूळचे गोमंतकीय नेव्हिल डिसोझा यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये असा पराक्रम करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. त्या स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे चार गोल करणाऱ्यांत त्यांचे नाव होते. भारत चौथा आला. त्याच संघातील पी. के. बॅनर्जी यांना १९६१ मध्ये अर्जुन, १९९० मध्ये पद्मश्री आणि २००४ मध्ये फिफा या जागतिक संघटनेचा शताब्दी सन्मान मिळाला. ते सर्वस्वी योग्यच होते. नेव्हिल मात्र १९८० मध्ये निवर्तले. अर्जुन नाही, पद्म नाही.

पुरस्काराने खेळाडूच्या कर्तृत्वात भर पडत नाही, हे खरे. नेव्हिल यांचे गोल इतिहासात आहेतच. परंतु सन्मान ही समाजाने फेडावयाची उतराई आहे आणि तिला माणसाच्या आयुष्याची मुदत असते.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी त्या मुलाला पुढे बोलाविले आणि साऱ्या शाळेसमोर माझी चूक कबूल केली. बक्षीस म्हणून हाती एक वहीच होती. ती त्याने दोन्ही हातांनी, चेंडू धरावा तशी, छातीशी धरली.